वाणातली हळद

जानेवारीचा पहिला आठवडा सरत आला की हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या बाजारात वाणाचे ढीग लागतात. चाळण्या, चहाच्या गाळण्या, टिकल्यांची पाकिटं, पिना, इवल्याशा पर्सा, झाकणाचे रंगीत डबे. भाव डझनाचा नाहीतर शेकड्याचा, सुटं कुणी मागत नाही. या ढिगाच्या कडेला हळद-कुंकवाची जोडपाकिटं माळेसारखी लटकलेली असतात, बोटभर लांबीची. त्यातलं पिवळं पाकीट उजेडात धरून उलटं केलं तर बारीक टायपात एक ओळ सापडते: फक्त पूजेसाठी. काहींवर आणखी स्पष्ट छापलेलं असतं, खाण्यासाठी नाही.

दुसऱ्या एखाद्या गावात ही ओळ वाचून सोडून दिली असती. पण वसमत हळदीचं गाव. ‘वसमत हळद’ या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राज्य सरकारने २०२२ मध्ये मंजूर केलेलं बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन केंद्र इथलंच. उन्हाळ्याच्या तोंडाला मोंढ्यात शिरलं तर रुमालावर पिवळी शिंक येते. अशा गावात संक्रांतीला बायका एकमेकींना लावतात ती हळद भाजीत टाकायच्या लायकीची नसते, आणि याचं कुणाला नवल वाटत नाही.

सणाची भेट साधी असावी, घरात अडगळ होऊ नये, ती करताना कुणाची पिळवणूक झालेली नसावी, असं हल्ली पुष्कळ जण म्हणू लागले आहेत. दिवाळीला म्हणतात, लग्नाच्या आहेराला म्हणतात, वाणाबद्दल तर दरवर्षी डिसेंबरात एखादा तरी लेख येतो. प्लास्टिक नको, पुस्तक द्या. स्टील नको, रोप द्या. सल्ले चांगलेच असतात. पण त्यांचा रोख वस्तूवर असतो. एक वस्तू काढायची, तिथे दुसरी ठेवायची. वाणात ‘वस्तू’ आली केव्हा, तिच्या आधी काय होतं आणि ते कुठे गेलं, हे पाहिल्याशिवाय ही अदलाबदल मला अपुरी वाटते.

संक्रांतीला काही द्यायचं ही चाल फार मागची. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ नावाचा प्रचंड संग्रह केला. त्यातल्या व्रतखंडात आणि दानखंडात कोणत्या पर्वाला काय करावं नि काय द्यावं याचा पानोपानी तपशील आहे. वसमतचा मुलूखही तेव्हा यादवांच्याच राज्यात. धर्मशास्त्राने मकरसंक्रांतीला तीळ जोडून दिले: तिळाचं स्नान, तिळाचा होम, तिळाचं दान. दानाची दिशा मात्र पक्की होती. यजमान देणार, ब्राह्मण घेणार, आणि व्यवहार तिथेच मिटणार. घेणाऱ्याने उलट काही द्यायचं नसतं, देणाऱ्याचं पुण्य परस्पर जमा होतं.

वाण या दानाच्याच कुळातलं, पण त्याने वेगळं वळण घेतलं. ते बाईकडून बाईकडे जातं. आज मी तिच्या उंबऱ्यात, परवा ती माझ्या. भटजी लागत नाही, मुहूर्त लागत नाही, दक्षिणा तर नाहीच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही संध्याकाळी बोलावणं करायचं. गल्लीतल्या वीस घरांनी एकमेकींना वाण लुटलं आणि शेवटी हिशेब मांडला, तर जिच्याकडून जेवढं गेलं तेवढंच तिच्याकडे आलेलं निघतं. भिशीसारखं हे, फक्त यात नंबर लागून कुणाला रक्कम मिळत नाही. मिळतं ते चार घरांचं जाणंयेणं. ज्या काळात सुनेला दाराबाहेर पडायला कारण लागायचं, त्या काळात हे कारण कुणाला नाकारता येत नव्हतं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो. भेट कधीच फुकट नसते, तिच्यामागे देण्याचं, घेण्याचं आणि परत करण्याचं बंधन असतं, हे त्याचं म्हणणं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या टोळ्यांमधला ‘पॉटलॅच’ त्याने सविस्तर मांडला. त्यात एक सरदार दुसऱ्याला लाजवण्यासाठी इतकं देतो, प्रसंगी स्वतःच्या वस्तू नष्ट करतो, की समोरच्याने हात टेकावेत. भारताकडे वळल्यावर मॉसने आधार घेतला महाभारतातल्या अनुशासनपर्वाचा, म्हणजे पुन्हा दानाचा. आपल्याकडच्या बायकांनी चालवलेला आडवा व्यवहार त्याच्या पोथीत नव्हता. तो असता तर वाणाची दोन्ही रूपं त्याला एकाच गल्लीत पाहायला मिळाली असती: बरोबरीचं जुनं, आणि पॉटलॅचकडे झुकलेलं नवं.

जुन्या रूपाचा गाभा सुगड. काळ्या नाहीतर तांबड्या मातीचं, मुठीएवढ्या तोंडाचं छोटं बोळकं. त्याला हळद-कुंकवाची बोटं ओढायची, गळ्याला सूत गुंडाळायचं, आणि पुसात शिवारात जे असेल ते आत भरायचं. आमच्या भागात हरभऱ्याचे डहाळे, उसाची कांडकी, बोरं, गव्हाच्या ओंब्या, ज्वारीचा हुरडा, गाजराचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा, वर तिळगुळाची चिमूट. पाच सुगडं मांडून पुजायची, देवळात वाणवशाला न्यायची आणि मग एकमेकींच्या पदरात रिती करायची. यादी नीट पाहिली तर त्यात पैसे मोजून आणावं असं जवळजवळ काहीच नाही. ऊस शेजाऱ्याच्या फडातला, बोरं बांधावरची, हरभरा आपला. आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत जे पडलं त्याचंच कच्चं रूप दुसऱ्या दिवशी सुगडात. चार दिवसांत ते खाऊन संपतं नाहीतर सुकून जातं. फळीवर मांडून ठेवावं, शेजारणीला दाखवावं, पुढच्या वर्षी दुसरीला सरकवावं, असं त्यात काही उरत नाही.

उरतं ते बोळकं. तेही पोरांच्या खेळात फुटतं, आणि फुटलं नाही तर पुढल्या संक्रांतीला चालत नाही, नवंच लागतं. म्हणजे कुंभाराचं काम दरवर्षी ठरलेलं. काही ठिकाणी ऐपतदार घरची बाई अख्खा आवाच विकत घ्यायची. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. भाजून तयार झालेल्या मडक्यांनी भरलेल्या त्या आव्याची पूजा व्हायची आणि मग जमलेल्या बायका हाताला येईल ते गाडगं-मडकं लुटून न्यायच्या. दागिना नाही, लुगडं नाही. दिलं काय, तर घरात रोज लागणारं पाण्याचं नि ताकाचं भांडं, ते सुद्धा गावातल्याच माणसाने घडवलेलं.

इथे जुन्याच्या प्रेमात पडायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ पुस्तकात बलुतेदारीचा कारभार जसा मांडलाय तो वाचला की कुंभाराकडे सुगड नाकारायची सोय नव्हती हे ध्यानात येतं. सुगीला मिळणाऱ्या धान्याच्या बदल्यात तो वर्षभर बांधलेला. भट्टी नीट लागली नाही तरी सुगडं द्यायचीच. आणि सुगड ज्या हातांत जायचं ते हातही निवडलेले असत. आपल्या जातीच्या, आपल्या तोलामोलाच्या, आणि नवरा हयात असलेल्याच. वाणात कचरा नव्हता हे खरं. वाणात सगळ्या बाया होत्या हे मात्र खरं नाही.

वाणाच्या इतिहासातला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फेरफार म्हणूनच वस्तूंशी संबंधित नाही. जानेवारी १८५२ मध्ये पुण्यात महिला सेवा मंडळाने तिळगूळ समारंभ भरवला. मंडळाच्या चिटणीस सावित्रीबाई फुले, अध्यक्ष कलेक्टरांच्या पत्नी मिसेस जोन्स. निमंत्रणात आधीच बजावलेलं होतं की कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या बायकांनी यावं, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवण्यात येईल, आणि कसलाही पंक्तिप्रपंच न करता हळद-कुंकू लावून तिळगूळ दिला जाईल.

याचं वजन कळायला त्या काळचं पुणं डोळ्यांपुढे आणावं लागतं. शिवाशिव रस्त्यावर पाळली जात होती, मग घरातल्या सतरंजीची काय कथा. फुले दांपत्याने बायकांची सभा बोलावली असती तर किती आल्या असत्या कोण जाणे. तिळगुळाला बोलावणं म्हटल्यावर घरातून अडवणं अवघड. बायकांच्या ओळखीचा, त्यांच्या हक्काचा प्रसंग घेतला आणि त्यातली बसायची जागा तेवढी बदलली. वाटायचं काय, तर हळद, कुंकू आणि तिळगूळ. निमंत्रणात एवढंच. एका जाजमावर बसायला मिळणं हीच त्या दिवशीची भेट होती.

त्यानंतर हळदी-कुंकवाचे दोन धागे वेगळे पडत गेले. पुण्या-मुंबईत स्वदेशीच्या दिवसांपासून बायकांच्या सभा हळदी-कुंकवाच्या नावाने भरू लागल्या. पुढे महिला मंडळांनी, आणि अलीकडे राजकीय पक्षांनीही तीच वाट धरली. निवडणुकीच्या वर्षी नगरसेवकाच्या घरचं हळदी-कुंकू किती मोठं असतं ते सांगायला नको. दुसरा धागा घराघरांतला. तिथे जाजम रुंदावलं नाही, पण वाण फुगत गेलं.

ते एकदम फुगलं नाही. सुगडाच्या जोडीला फणी-करंडा, आरसा, बांगड्या हे सौभाग्यलेणं आधीपासून होतंच, म्हणजे कासाराच्या आणि बोहारणीच्या वाटेने बाजाराचा पाय दारात आलेला होता. वसमत १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. रेल्वेचा फाटा होता, पण बाजार आठवड्याचा. घाऊक वस्तू उपलब्ध झाल्या, रोख पैसा हातात येऊ लागला, तेव्हा पितळेची वाटी, मग ॲल्युमिनियमचं भांडं, मग स्टील. स्टीलच्या वाटीवर, चमच्यावर नाव कोरून द्यायची पद्धत आली आणि वाणाचा स्वभावच पालटला. माती फुटते, हरभरा संपतो. नाव कोरलेली वाटी तीस वर्षं फळीवर राहते आणि कुणी काय दिलं होतं याची साक्ष देते. आता ‘तिने काय दिलं’ हे लक्षात ठेवता येऊ लागलं. जे लक्षात राहतं त्याची बरोबरी करावी लागते, जमलं तर वरचढही.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. तामिळनाडूतल्या सेलमला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी पोलाद कारखाना सुरू झाला आणि सेलमचं स्टेनलेस स्टील देशभर भांड्यांसाठी नावाजलं. त्याच सेलमचं नाव लावणारी हळदीची जात आज वसमतच्या शिवारात सगळ्यात जास्त दिसते. वाणातली वाटी आणि वाणातली हळद दोन्हींची सोयरीक एकाच परगावाशी.

स्टील महाग पडू लागलं तशी प्लास्टिकने जागा घेतली. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे, लांबवत नाही. एवढंच की वीस रुपयांत काहीतरी ‘मोठं दिसणारं’ देता येतं हे प्लास्टिकने शिकवलं. वाण निवडताना ‘हे तिला लागेल का’ हा प्रश्न मागे पडून ‘हे किती दिसतं’ हा पुढे आला. मिळालेलं वाण पुढच्या वर्षी दुसऱ्या गल्लीत जातं हेही सगळ्या जाणतात, बोलून कुणी दाखवत नाही. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पण तिचा रोख पिशव्या, एकदा वापरून फेकायचे पेले-ताटल्या, थर्माकोल यांच्यावर होता. चाळणी, डबा, साबणदाणी यांना ती लागू होत नाही, त्यामुळे वाणाच्या दुकानांना तिची झळ फारशी लागलीच नाही.

ही ओढाताण आपल्याकडचीच नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१२ च्या नाताळाआधी ‘निरुपयोगी भेटी रोखणारी सोसायटी’ नावाची एक संस्था निघाली. ॲन मॉर्गन आणि एलेनॉर बेलमाँट या दोन श्रीमंत बायका पुढे होत्या, पण सभासद दुकानांतल्या, कारखान्यांतल्या कामकरी मुली. वरिष्ठांना नाताळाची भेट देण्यासाठी त्यांच्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढली जायची. नाही म्हणावं तर नोकरीची भीती. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही या संस्थेचे सभासद झाले. त्या मुलींचा त्रागा नाताळावर नव्हता, सक्तीवर होता. आपल्याकडे कर्ज काढून संक्रांतीचं पहिलं वर्ष साजरं करणाऱ्या नव्या नवरीच्या माहेराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता हळदीकडे येतो. वाण फुगलं तेव्हा जिच्या नावाने हा समारंभ ओळखला जातो ती हळद आकसत गेली. चिमटीपुरती उरली, आणि ती चिमूटही बनावट.

वसमतच्या परिसरात हळदीचं पीक पसरलं ते पाण्यामुळे. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी पूर्णा प्रकल्पातून इकडे आलं, तसा ऊस आला, केळी आली आणि मग हळद. अक्षय तृतीयेनंतर गादीवाफ्यावर बेणं लावायचं, ते पुढं आठ-नऊ महिने जमिनीत. पाला वाळून पडला की जानेवारीच्या उत्तरार्धापासून काढणी. ट्रॅक्टरने गादीवाफा उखळून देतात, पण मातीतून गड्डे वेचणं, झटकणं, जेठे गड्डे आणि हळकुंडं वेगळी करणं हे सगळं बायकांच्या हातून होतं. वाकून, उन्हात, दिवसभर. नंतर कुकरच्या ड्रमात वाफेवर शिजवायची, पंधरवडाभर वाळवायची, मग पॉलिशच्या ड्रममध्ये घोळवायची. पाच-सहा किलो ओल्या हळदीची वाळून किलोभर होते. हळद वेचणाऱ्या बाईची बोटं महिना-महिना पिवळी राहतात, नखांच्या कडांतून रंग जात नाही. संध्याकाळी तीच बाई हळदी-कुंकवाला गेली तर तिच्या कपाळाला लावतात ती पाकिटातली, जिच्यावर लिहिलंय की ही खाऊ नका.

मोंढ्यातून निघालेल्या हळदीचा मोठा हिस्सा सांगलीच्या बाजाराकडे जातो. तिथून कुठल्या कुठल्या ब्रँडच्या पाकिटात शिरते आणि किराणा दुकानातून वसमतला माघारी येते. पूजेच्या पाकिटातल्या पिवळ्या पुडीचा या प्रवासाशी काही संबंध असतो का, ते त्या बारीक टायपातल्या ओळीवरून ओळखावं.

कुंकवाचंही तेच झालं, आणि ते मला जास्त लागतं. कारण कुंकू ही हळदच आहे. हळदीतला कर्क्युमिन हा रंगद्रव्याचा घटक क्षाराला भेटला की लाल होतो. जुन्या रीतीत हळकुंडाची भुकटी लिंबाचा रस, टाकणखार, तुरटी असल्या पदार्थांत मुरवून, घोटून, वाळवून कुंकू करत. घरात पडताळून पाहायचं असेल तर चिमूटभर हळदीवर ओल्या चुन्याचं बोट फिरवावं; क्षणात तांबडी होते. सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. बाजारातलं स्वस्त कुंकू मात्र पुष्कळदा पिठीत कालवलेला कारखानी रंग असतो, ज्याने कपाळावर पुरळ उठतं आणि टिकलीचा खप वाढतो. हळद-कुंकू म्हणजे एकाच कंदाची दोन रूपं एकमेकींच्या कपाळी लावणं. पाकिटात त्यांची जोडी आहे, पण दोघींतही तो कंद नाही.

याच हळदीवर साता समुद्रापलीकडे मालकी सांगितली गेली होती. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावे मंजूर झालं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी ते आव्हान स्वीकारलं, जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले दाखले पाठवले, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. बोट कापलं की आजी हळदीचा डबा उघडते, हे सिद्ध करायला एवढी कागदपत्रं लागली. पुढे चक्र उलटं फिरलं. ‘वसमत हळद’ हे नावही आता एका परीने मालकीचंच आहे, पण ते एका कंपनीचं नसून या मुलखात हळद पिकवणाऱ्यांचं. आणि निजामाबादला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचं उद्घाटन झालं ते १४ जानेवारी २०२५ ला, म्हणजे नेमकं संक्रांतीच्या दिवशी. त्या दिवशी देशभर बायकांच्या हातांत काय असतं, याचा विचार करून तारीख निवडली असेल असं वाटत नाही, पण जुळून आली खरी.

मग वाण काय द्यावं? पुस्तक चांगलं. आमच्याकडे ३ जानेवारीच्या सावित्रीबाई जयंतीपासून १२ जानेवारीच्या जिजाऊ जयंतीपर्यंत जे कार्यक्रम होतात त्यांतून पुस्तक वाटायची सवय बऱ्याच घरांत गेली, आणि ज्या घरांत हळद-कुंकू मानत नाहीत त्यांनाही त्यात येता आलं. देशी बियाणं चांगलं, पण घेणारीकडे परसबाग हवी. तुळशीचं रोप काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतून येतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळून जातं, ते मला पटत नाही. कापडी पिशव्यांचं म्हणाल तर एकेका घरात आता इतक्या साठल्या आहेत की त्या ठेवायला आणखी एक पिशवी लागते. ‘पर्यावरणपूरक’ असा शिक्का मारून तीच शेकड्याची खरेदी चालू राहणार असेल तर दुकानदाराशिवाय कुणाचं भलं झालं?

वसमतच्या बाईने वसमतच्या बाईला हळदच द्यावी, असं माझं साधं मत आहे. शंभर ग्रॅमच, पण खरी. जिच्या शेताचं नाव सांगता येईल अशी. गावाकडचे बचत गट हळद दळून पाकिटं करतात. छोट्या उत्पादकाला अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरते. गिरणीवर पाच किलो हळकुंडं नेली तरी पन्नास बायकांचं वाण होतं. ते महिन्याभरात भाजीत, दुधात, पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर संपून जाईल, म्हणजे सुगडाचा गुण परत येईल. कागदाच्या पुडीत बांधली तर पाठीमागे काही उरणारही नाही.

वस्तू सुधारली तरी जाजमाचं काय, हा प्रश्न मात्र वेगळाच राहतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठराव पुष्कळ गावांनी केले. विधवांसाठी ‘वेगळं’ हळदी-कुंकूही अनेक ठिकाणी होतं, फोटोसकट. ते वेगळं असतं हीच त्याची अडचण. सावित्रीबाईंनी दुसरं जाजम घातलं नव्हतं. हिंगोली जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांनी किती तरुण बायकांच्या कपाळावरचं कुंकू गेलं. त्यांच्यातल्या कित्येक जणी हळदीच्या रानात मजुरीला जातात. वाणाची हळद ज्यांनी वेचली त्यांनाच ती लावायची नाही, हा नियम ज्या घरात अजून चालतो तिथे पाकिटात काय आहे याने फार फरक पडणार नाही.

एक व्यावहारिक अडचण आहे, तीही सांगायला हवी. संक्रांतीला नवी हळद हाती आलेली नसते. ती अजून जमिनीत, फार तर नुकती उखळलेली. शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन ती मोंढ्यात गर्दी करते ती होळीच्या सुमाराला. म्हणजे संक्रांतीच्या वाणाला गेल्या वर्षीची घ्यावी लागणार. नव्या हळदीचा खरा हंगाम चैत्रात, आणि चैत्रात आपल्याकडे दुसरं हळदी-कुंकू आहेच: चैत्रगौरीचं. ज्या घरांत गौर मांडतात तिथे शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत सोयीचा दिवस धरून बायकांना बोलावतात. कैरीची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. वाण म्हणून वस्तू द्यायची तिथे पद्धतच नाही, कधी नव्हती. चाळणी नाही, डबा नाही, त्यामुळे दुकानांतही चैत्रगौरीचा ढीग लागत नाही. महिनाभराने अक्षय तृतीया येते, गौर उठते, आणि शिवारात हळदीच्या बेण्याचे भाव विचारायला सुरुवात होते.